बाराच्या आतला होकार

दुपारी बाराच्या आत मी कुणाला ‘नाही’ म्हणत नाही. माझ्या रोजच्या नेमांतला हा एक. पहाटे स्नान, देवापुढे दिवा लागेपर्यंत मौन, मग वाचन, आणि त्यानंतर बारापर्यंत हा नेम. उपासाचे नेम त्यामानाने सोपे. पोट आपलं, भूक आपली, दुसऱ्या माणसाचा संबंध येत नाही. हा नेम मात्र दाराशी येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात असतो. भाजीवाल्याला तो कळल्यापासून आमच्या घरातला भोपळा संपलेला नाही. आणि आमच्या ह्यांना तर तो पहिल्या दिवसापासून ठाऊक, त्यामुळे त्यांचा तिसरा चहा रोज पावणेबाराला होतो. हे वजनमापे खात्यातून निवृत्त झालेत. पावणेबारा म्हणजे पावणेबारा.

हे व्रत मला थोरल्या जाऊबाईंनी दिलं. त्या दूरच्या गावी असतात आणि माझ्यापेक्षा पुष्कळ कडक नेम पाळतात, म्हणून मी ते मुकाट्याने घेतलं. व्रत घेताना फार प्रश्न विचारू नयेत अशी तेव्हा माझी समजूत होती. ती चुकीची असल्याचं मला एका फोनमधल्या घंटेनं शिकवलं.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर, जिन्याला लागून एक लहानशी खोली आहे. एक खिडकी, एक चटई, कोनाड्यात एक दिवा. संध्याकाळी सातला कुणीतरी ती उघडायची, दिवा लावायचा आणि ज्याला वाटेल त्यानं येऊन थोडा वेळ शांत बसायचं, इतकंच. कुणी नामस्मरण करतं, कुणी नुसते डोळे मिटतं, आमचे हे घोरतात. उघडण्याच्या पाळ्या आम्ही काही जणांनी वाटून घेतल्या होत्या. पण पाळी ही गोष्ट दुसऱ्याची पटकन लक्षात राहते, आपली राहत नाही. दारावर कागद लावला, तर त्यावर प्रत्येकानं आपलं नाव खोडून शेजारणीचं घातलं. फोनवर गट केला, तर त्यात सकाळच्या फुलांची इतकी चित्रं येत की पाळी त्याखाली गुदमरून जाई. मग एखाद्या संध्याकाळी दोघी किल्लीसाठी भांडत आणि दुसऱ्या संध्याकाळी खोलीला कुलूप.

सेक्रेटरींचा त्या खोलीवर डोळा होता. हल्ली इमारतीत माणसांपेक्षा पार्सलं जास्त येतात आणि ती जिन्यात पडून असतात, हेही खरंच. सर्वसाधारण सभेत ते उभे राहिले आणि म्हणाले, “महिनाअखेरपर्यंत एकदा जरी संध्याकाळी सातला ही खोली बंद आणि बिनदिव्याची दिसली, तर खोली पार्सलांना. मंजूर?” चहा सभेची वाट पाहत होता. मंजूर झालं.

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. त्या चटईवर बसून मी कुणाकुणासाठी काय काय मागितलंय ते माझं मला माहीत. काही दिवस मीच रोज खाली जाऊन दिवा लावला, पण माझे गुडघे जिन्याशी वाद घालू लागले. शिवाय मी एकटीनंच लावायचा तर तो दिवा माझा झाला, सगळ्यांचा कुठे राहिला?

त्या सुमारास माझी भाची आमच्याकडे राहायला आलेली होती. धाकट्या बहिणीची मुलगी. सॉफ्टवेअरमध्ये आहे, एक नोकरी सोडून दुसरी सुरू होण्याच्या मधल्या सुट्टीत मावशीच्या हातचं खायला आलेली. तिला मी सहज म्हटलं, “अगं, तुमच्या त्या फोनमध्ये पाळीची आठवण करून देणारं काही करता येईल का?”

“येईल की,” ती म्हणाली. “एका वाक्यात सांग, तुला काय हवंय?”

“कुणाची पाळी आहे ते कळलं पाहिजे.”

“कुणाला कळलं पाहिजे?”

“सगळ्यांना.”

“सगळ्यांना कळलं तर काय होईल?”

मी विचार केला. सगळ्यांना कळलं तर प्रत्येक जण म्हणेल, कळलंय ना तिला, उघडेल ती. “मग तिलाच कळू दे, जिची पाळी आहे.”

“केव्हा?”

“सातच्या थोडं आधी.”

“थोडं म्हणजे?”

आतल्या खोलीतून ह्यांचा आवाज आला, “थोडं हे माप नाही!”

“काका बरोबर बोलतायत,” भाची म्हणाली. “आणि पाळ्या ठरवणार कोण? दोघींत वाद झाला तर शेवटचा शब्द कुणाचा? आणि हे नीट चाललंय हे आपण कशावरून ओळखायचं?”

मला या प्रश्नांची गंमत वाटू लागली. कुणी मला इतके खोलात जाऊन प्रश्न विचारल्याला फार काळ लोटला होता. घरात मला विचारतात ते ‘माझा चष्मा कुठे आहे’ इतकंच. मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसले आणि आम्ही दोघींनी मिळून एक वाक्य घडवलं: ज्याची पाळी, त्याच्याच फोनवर, सातला पंधरा मिनिटं कमी असताना एक घंटा वाजेल. चाललं की नाही ते कसं ओळखायचं? घंटेनंतर सातला खोली उघडी आणि दिवा लागलेला दिसला, तर चाललं.

“याला आम्ही स्कोप म्हणतो,” ती म्हणाली. “कामाचं कुंपण. कुठून कुठपर्यंत, कुणासाठी, केव्हापर्यंत, कोण ठरवणार. एवढं घट्ट असलं की काम दोन दिवसांचं.”

“म्हणजे व्रतासारखंच की!” मला एकदम सुचलं. “व्रतातही कधी सुरू, कधी संपणार, काय चालतं, काय चालत नाही...”

“तेच विचारणार होते. चालत नाही त्यात काय काय? मावशी, सगळ्यात महत्त्वाचं हे असतं. काय नको ते सांग.”

मी घड्याळाकडे पाहिलं. दहा वाजले होते.

‘नको’ ही ‘नाही’चीच बहीण. मी म्हटलं, “ते बारानंतर सांगते हं.” बारानंतर जेवणं झाली, मग माझा जरा डोळा लागला, मग दळण आणायचं होतं. काय नको ते सांगायचं राहूनच गेलं. एवढी लहानशी गोष्ट राहिली म्हणून काय बिघडणार, असं मला वाटलं. भाचीनं दोन दिवसांत घंटा केली, माझ्या फोनवर वाजवून दाखवली, आणि मी कौतुकानं ती बातमी जिन्यात दोघा-तिघांना सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तिसऱ्या मजल्यावरचे हेडमास्तर आले. निवृत्त आहेत, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही.

“ताई, घंटेची कल्पना उत्तम. पण नुसती घंटा म्हणजे जरा कोरडं वाटतं. घंटेबरोबर एक सुविचार यावा. सुविचार मी देईन.”

मला वाटलं, सुविचारानं कुणाचं काय बिघडतं? आणि वेळ तर नऊची. मी म्हटलं, “हो, चांगलं आहे.”

“आणि हजेरी. कोण आलं, कोण नाही. महिन्याच्या शेवटी गुण.”

“गुण?” माझा मुळातच बारीक आवाज आणखी बारीक झाला.

“दहापैकी. शांत बसण्याला पाच, वेळेवर येण्याला पाच.”

ह्यांनी वर्तमानपत्रामागून विचारलं, “घोरण्याचे किती वजा?”

“साहेब, ते विचाराधीन आहे,” हेडमास्तर गंभीरपणे म्हणाले आणि माझ्याकडे वळले. मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे ‘हो’च, हे सगळ्या इमारतीला माहीत आहे.

अकरा वाजून गेल्यावर पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांचा दवाखाना घरातच आहे. त्यांचं म्हणणं रास्त होतं: कधी एखाद्याची दाढ हातात असताना पाळी आली तर दुसऱ्या कुणाशी अदलाबदल करता यावी. मी हो म्हटलं. मग त्या जाता जाता म्हणाल्या, “आणि काकू, रात्री दात घासायची आठवणही त्याच घंटेत बसेल ना? लहान आवाजात?” तेव्हा साडेअकरा झाले होते. मी पुन्हा हो म्हटलं.

भाचीनं मला शांतपणे विचारलं, “मावशी, दात घासण्याचा आणि त्या खोलीचा संबंध काय?”

“संबंध नाही गं. पण साडेअकरा वाजले होते.”

तिनं कपाळाला हात लावला.

बातमी पसरायला इमारतीला वेळ लागत नाही. काकूंकडे काही मागायचं असेल तर बाराच्या आत जा, हे ज्ञान आतापर्यंत भाजीवाल्यापुरतं होतं, ते आता जिन्याच्या कठड्यासारखं सर्वांचं झालं. सकाळी आमच्याकडे माणसं अशी येऊ लागली की ह्यांना वाटलं मला बक्षीस मिळालंय. कुणाला घंटेत पाण्याची वेळ हवी होती. कुणाला गाडी आडवी लावणाऱ्याच्या फोनवर वेगळी, कर्कश घंटा हवी होती. दुसऱ्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या वहिनींना आपण शिवलेले ब्लाउज तयार झाले की घंटा वाजायला हवी होती. मला प्रत्येकाच्या मागण्याचं मोठं नवल वाटायचं. माणूस एवढ्याशा घंटेकडे बघून काय काय मनात आणतो! प्रत्येकाची मागणी स्वतंत्रपणे पाहिली तर लहानशीच होती. ‘एवढंच घाला’ असं प्रत्येकजण म्हणाला. सगळ्या ‘एवढंच’ची बेरीज कुणी करत नव्हतं.

घरातूनही मला दिलासा नव्हता. हे दिवसभर घंटेचा आवाज किती मोठा असावा यावर विचार करत बसले. ‘मोठा’ हे माप नाही, ‘जरा मोठा’ हे तर मापच नव्हे. त्यांनी माझा फोन स्वयंपाकघरात ठेवला, स्वतः जिन्यात उभे राहिले आणि ओरडून विचारलं, “आता वाजव!” मी वाजवली. “ऐकू आली नाही!” ते म्हणाले. समोरच्यांनी दार उघडून विचारलं, “काय ऐकू आलं नाही?” आणि त्या प्रश्नाचं उत्तर देता देता घंटेचे तीन आवाज ठरले: जवळचा, मधला आणि जिन्यातला.

मग सेक्रेटरी आले. मी देवापुढची फुलं काढत होते. अकराला थोडा वेळ होता.

“काकू, इमारतीच्या नावानं फोनमध्ये काही करायचं तर समितीची मंजुरी हवी. आणि मंजुरीसाठी तीन दरपत्रकं.”

“पण भाची काही घेतच नाहीये,” मी म्हटलं. “फुकट करतेय.”

“फुकट असलं तरी तीन लागतात. नियम आहे.”

भाची आतून बाहेर आली. “तीन ठिकाणांहून फुकटाची दरपत्रकं आणायची?”

“आणावी लागतील.”

मग भाचीनं एक शून्याचं दरपत्रक दिलं, तिच्या मैत्रिणीनं एक दिलं आणि तिसरं हौसेनं आमच्या ह्यांनी दिलं, ज्यांना फोन बंद करून पुन्हा चालू करण्यापलीकडे काही येत नाही. तिन्हींत शून्य. सेक्रेटरी ती कितीतरी वेळ पाहत राहिले. सर्वांत कमी दर कुणाचा, हे ठरेना. अखेर ‘घंटा उपसमिती’ नेमली गेली. तिच्यात हेडमास्तर, सेक्रेटरी आणि, मी नाही म्हणू न शकल्यामुळे, मी.

दुसऱ्या सकाळी उपसमितीच्या पहिल्या बैठकीतून उठताना सेक्रेटरी म्हणाले, “आणि हो, पार्सल आलं की ज्याचं त्याला घंटा. तेवढं घाला म्हणजे झालं.”

ज्या पार्सलांपासून खोली वाचवायची, ती खोलीत शिरायच्या आधी माझ्या घंटेत शिरत होती. आणि मी म्हटलं, “बरं.”

महिना संपत आला. घंटा होईतो सातचा दिवा कधी भाची, तर कधी कुरकुरत्या गुडघ्यांनी मी, असा आम्ही लावत होतो. भाची सकाळी बसे ती संध्याकाळपर्यंत त्या फोनातून डोकं वर काढत नसे. तिच्यासमोरचा चहा गार होई. मी तिच्यामागे उभी राहून पाहत असे. एका ठिकाणी काही घातलं की दुसऱ्या ठिकाणी काही मोडे. गाडीची घंटा घातली तर सुविचार वाजेना, सुविचार वाजला तर हजेरी दोनदा लागे. मला कुतूहल वाटायचं आणि वाईटही. कुंपण घातलेलं ते एक वाक्य कुठे होतं, हे आता आम्हा दोघींपैकी कुणालाच दाखवता आलं नसतं.

एका दुपारी उपसमितीनं चाचणी ठेवली. सगळे आपापले फोन घेऊन तळमजल्यावर जमले. भाचीनं बटण दाबलं. आधी एक फोन वाजला, मग सगळे. दोघंजण पाणी आलं म्हणून टाकीकडे धावले. एकानं, तिथे लावलेलीच नसलेली आपली गाडी हलवायला चावी काढली. डॉक्टरीणबाईंच्या फोननं सगळ्यांसमोर त्यांनाच दात घासायला सांगितलं. शिवणकामवाल्या वहिनींना, त्यांनीच शिवलेला ब्लाउज त्यांनी येऊन घेऊन जावा, असा निरोप आला. हेडमास्तरांच्या फोनवर मधल्या आवाजात सुविचार वाजला: ‘शांतता हेच खरं धन.’ तो कुणाला ऐकूच आला नाही.

“आज पाळी कुणाची?” गोंगाटात मी विचारलं. सगळ्यांनी आपापले फोन पाहिले. पाळी कुणाच्याच फोनमध्ये नव्हती. ती तेवढी राहिली होती.

सेक्रेटरींनी खोलीच्या दारावर बोटांनी टकटक करून दाराची रुंदी डोळ्यांनी मोजली.

घरी आल्यावर भाची चपला न काढताच खुर्चीत बसली. “मावशी, परवा सकाळी मला निघायचंय. नवी नोकरी. उद्याचा एक दिवस आहे. हे सगळं माझ्यानं होणार नाही. यातलं एकच काम नीट होऊ शकतं, आणि बाकीच्यांना उद्या सकाळी तू ‘नाही’ म्हटलंस तरच.”

“सकाळी?”

“सकाळीच. दुपारपर्यंत मला कळलं नाही तर संध्याकाळी काही वाजणार नाही. आणि उद्या महिनाअखेर.”

मी देवापुढे जाऊन बसले. एका बाजूला खोली, दुसऱ्या बाजूला नेम. दोन्ही देवाचीच. मी कुणाकडे दाद मागायची?

भाची माझ्या मागे येऊन उभी राहिली. “एक विचारू? हे व्रत तुला जाऊबाईंनी दिलं ना? आमच्याकडे काम अडलं की आम्ही मूळ माणसाकडे जातो. ज्यानं सांगितलं त्याला विचारतो, नेमकं काय म्हणायचं होतं. मधल्यांवर नाही भरवसा ठेवत.”

“मधले कोण? मधे तर मीच आहे.”

“तेच म्हणतेय.”

मी जाऊबाईंना फोन लावला. त्यांचं संध्याकाळचं वाचन झालेलं असावं, कारण त्यांनी पटकन उचलला. मी चाचरत सगळं सांगितलं. घंटा, सुविचार, ब्लाउज, भोपळा.

मग जाऊबाई म्हणाल्या, “मी तुला नेम काय दिला होता?”

“बाराच्या आत कुणाला नाही म्हणायचं नाही.”

“अगं बाई! बाराच्या आत कुणाला तोडून बोलायचं नाही, असा दिला होता. नाही म्हणायला कुणी बंदी केली?”

“पण नाही म्हटलं की समोरच्याला तोडल्यासारखं...”

“ते तुझं तू वाढवलंस. मी कशाला सांगेन? मी रोज सकाळी दहा जणांना नाही म्हणते.”

“पण जाऊबाई, मी तर कधीच कुणाला तोडून बोलत नाही.”

“म्हणून तर दिला,” त्या म्हणाल्या. “तुला झेपेल असा.”

फोन ठेवल्यावर मला हसावं की रडावं कळेना. इतकी वर्षं मी दुसऱ्याच कुणाचं व्रत पाळत होते, तेही वाढवून. कुणी मला विचारलं नव्हतं, मीही कुणाला विचारलं नव्हतं. ह्यांना सांगितलं तर त्यांनी आधी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. मग म्हणाले, “म्हणजे पावणेबाराचा चहा...?”

“नाही,” मी म्हटलं. संध्याकाळची वेळ होती, पण सराव म्हणून बरा होता.

दुसऱ्या दिवशी वाचन आटोपून मी निघाले. नाही म्हणणं मला वाटलं होतं त्याहून अवघड निघालं, कारण माझं ‘नाही’ कुणाला ‘नाही’ वाटेचना. हेडमास्तरांना मी म्हटलं, “सर, सुविचार आणि गुण सध्या राहू देत का?”

“राहू देत की! घंटेत राहू देत!” ते खूश होऊन म्हणाले.

मग आमचे हे पुढे झाले. माझ्यामागे ते चालत आले होते, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. “सर, ती नाही म्हणतेय.”

“नाही कुठे म्हणाल्या?”

“हा तिचा जवळचा आवाज आहे,” हे म्हणाले. “मी जिन्यातला आवाज. नाही.”

त्या सकाळी मी मजल्यामजल्यानं हळू आवाजात नाही म्हणत गेले आणि माझ्या मागे हे ते मोठ्यानं म्हणत आले. वहिनींना थोडा राग आला. डॉक्टरीणबाई दातांची आठवण सोडायला तयार झाल्या, पण अदलाबदल हवीच म्हणाल्या. मी भाचीला विचारलं. तिनं विचार करून सांगितलं, “आज नाही. आज एकच गोष्ट. अदलाबदल माणसांनी आपापसात करावी, घंटेनं नाही.” मी तसं कळवलं. त्या म्हणाल्या, “बरं. पण आज पाळी माझीच आहे आणि संध्याकाळी माझ्याकडे दोन पेशंट आहेत हं.” आणि माझ्याकडून किल्ली घेऊन आत गेल्या.

सेक्रेटरींना मी पार्सलांबद्दल नाही म्हटलं तेव्हा ह्यांना बोलायची वेळच आली नाही. सेक्रेटरींना ते माझ्या जवळच्या आवाजातच ऐकू आलं. “बघू संध्याकाळी,” एवढंच ते म्हणाले.

संध्याकाळ झाली. मी खाली जाऊन खोलीच्या दाराशी उभी राहिले. दाराला कुलूप होतं. भाची माझ्याशेजारी, हे पायरीवर, हेडमास्तर कठड्याला टेकून. सातला थोडा वेळ असताना सेक्रेटरी आले. हातात मोजपट्टीचा टेप. सरळ दाराशी जाऊन त्यांनी चौकटीला टेप लावला.

“अजून सात नाही वाजले,” मी म्हटलं.

“मापं तर घेतो. कपाटं सांगायची आहेत.”

हे पायरीवरून उठले आणि वाकून टेपाकडे पाहू लागले. “यावर तपासणीचा शिक्का नाही,” ते म्हणाले. “अप्रमाणित टेप आहे. याची मापं धरता येत नाहीत.”

सेक्रेटरींनी ऐकलं नाही असं दाखवलं.

सातला पंधरा मिनिटं कमी असताना वरच्या दवाखान्यातून एक घंटा ऐकू आली. एकच. आमच्यापैकी कुणाचाही फोन वाजला नाही. भाचीनं माझा हात घट्ट धरला.

पण वरून कुणी आलं नाही. आम्ही जिन्याकडे बघत राहिलो. मला डॉक्टरीणबाईंच्या दाराशी जाऊन किल्ली मागावी वाटलं, पण सकाळच्या मजल्यामजल्यांनंतर माझे गुडघे पुन्हा तो जिना चढायला तयार नव्हते, आणि भाची पुटपुटली, “आपण गेलो तर घंटा चालली की नाही ते कळणार नाही.” मी दिव्याची काडेपेटी उघडून काड्या मोजल्या. सेक्रेटरींनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, मग पुन्हा पाहिलं.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली आणि एक अनोळखी माणूस खाली आला. गळ्यात निळा रुमाल बांधलेला, एक गाल सुजल्यासारखा, तोंडाच्या कोपऱ्यातून कापूस डोकावतोय. एका हातात किल्ली. दुसऱ्या हातानं तो वर बोट दाखवत होता आणि काहीतरी सांगत होता, पण जीभ बधिर असल्यामुळे शब्द बाहेर पडेपर्यंत त्यांचा आकार जात होता. आम्ही ओळखलं: डॉक्टरीणबाईंचे हात दुसऱ्याच्या तोंडात होते, ह्याला भूल दिली होती आणि ती पूर्ण चढेपर्यंत हा मोकळा होता.

त्यानं कुलूप उघडलं. मी काडेपेटी पुढे केली. त्यानं दिवा लावला, वातीवर हात धरून ज्योत स्थिर केली आणि आमच्याकडे वळून अर्ध्या तोंडानं हसला. कुठल्यातरी घड्याळात सातचे ठोके पडू लागले.

“हे चालणार नाही,” सेक्रेटरी म्हणाले. “हे गृहस्थ इमारतीतले नाहीत. बाहेरच्यानं लावलेला दिवा कसा धरायचा?”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मला कधी सभेत बोलायची सवय नाही. पण त्या दिवसांत मी कुंपणाचा इतका विचार केला होता की मला त्यांचं कुंपण स्पष्ट दिसत होतं.

“सेक्रेटरी, तुम्ही सभेत म्हणालात, सातला खोली बंद आणि बिनदिव्याची दिसली तर. खोली उघडी आहे, दिवा लागलाय. कुणी लावायचा, ते तुमच्या वाक्यात नव्हतं.”

“मग आता घालतो ते. इमारतीतल्याच माणसानं...”

“आता नाही,” मी म्हटलं. तोडून नाही, पण त्यांना ऐकू जाईल असं. ह्यांना तोंड उघडायचीही गरज पडली नाही. “ठरल्यानंतर मधेच भर घालायची असेल तर सगळ्यांना विचारून. पुढच्या सभेत आणा. त्या सभेत चहा आधी देऊ.”

हेडमास्तरांनी दोन्ही हात वर केले. ते मत होतं की गुण, कळलं नाही. बधिर जिभेच्या माणसानं सेक्रेटरींकडे पाहून जोरजोरात मान हलवली. त्याला काय चाललंय ते कळलं नसावं, पण तो माझ्या बाजूचा होता.

सेक्रेटरींनी टेपाचं बटण दाबलं. टेप सर्रकन आत गेला. मग ते निघाले नाहीत. दारात घुटमळत राहिले. आत भाची जाऊन बसली होती, हे भिंतीला टेकले होते, तो माणूसही गालावर हात धरून चटईच्या कडेला टेकला होता. दिव्याचा उजेड चौकटीपर्यंत येत होता.

“काकू,” सेक्रेटरी हळू आवाजात म्हणाले, “मी थोडा वेळ बसलो तर चालेल?”

“बसा ना,” मी म्हटलं. “फक्त टेप बाहेर ठेवा.”